चाळीस पोती राग

मुर्सिदी आला तेव्हा मी जेवत होते.
डबा बंद केला नाही, नुसता सरकवला.
त्याने काउंटरवर फोन ठेवला, कळांचा, जुना,
काही कळांवरची अक्षरं केव्हाच उडालेली.
‘टिंब पळतं,’ म्हणाला.
‘इकडे न्यावं तर तिकडे. मधे कुठे उभंच राहत नाही.’

मदुरा बेटावरून पूल ओलांडून सुराबायात आलेला माणूस,
बसचं तिकीट अजून मुठीत.

कळांच्या वर एक काळा चौकोन असतो, नखाएवढा.
तो मी उघडला. आत एक दिवा, एक भिंग.
लोकांना वाटतं, बोट त्याला ढकलतं.
तसं नाही. तो खालून बघतो.
अंगठ्याच्या कातडीचे फोटो काढतो, सेकंदाला शेकडो,
मघाचा आणि आत्ताचा शेजारी ठेवतो
आणि एवढंच ठरवतो: किती हललं, कुठल्या बाजूला.
अंगठा कुणाचा, हे विचारत नाही.
तालुक्याच्या कचेरीपेक्षा बरा.

स्पिरिटचा बोळा फिरवला. धूळ निघाली, थोडं मीठ.
माझ्या अंगठ्याखाली टिंब शहाण्यासारखं चाललं,
एक अक्षर, थांब. एक अक्षर, थांब.
त्याच्या अंगठ्याखाली उधळलं.

मग मी त्याचा हात उलटा केला.
छत्तीस वर्षं मिठागरात.
अंगठा झिजलेल्या वरवंट्यासारखा,
रेषा म्हणून नाही.
बिचारं भिंग खालून डोळे ताणून बघत होतं
आणि वर काही लिहिलेलंच नव्हतं.

‘बाप माझा अंगठाबहाद्दर,’ तो हसला,
‘सोसायटीच्या वहीत अंगठा उठवायचा, ठसठशीत.
मी शाळेत गेलो, सही शिकलो,
आणि आता अंगठाच नापास.’

मुलीने नवा फोन दिलाय म्हणे, अख्खा काचेचा.
पण त्यावर बोट ज्याला शिवतं त्यालाच झाकतं.
चुकलेलं अक्षर बोटाखाली,
आणि बोट उचललं की टिंब तिसरीकडेच.
गेल्या महिन्यात व्यापाऱ्याला लिहायला गेला,
गाराम पाठवतोय, चाळीस पोती.
काचेने आपल्या मनाने गेराम केलं.
गाराम म्हणजे मीठ. गेराम म्हणजे संताप.
म्हटलं तर काना-मात्रेचा फरक.
चाळीस पोती संताप पाठवतोय,
उद्या पहाटे, ट्रकने.

‘मग?’
‘मग काय. मागची बाकीसुद्धा
त्याच रात्री चुकती केली त्याने.’

मी हसत सुटले. म्हटलं, मग राहू दे की तसंच,
दर महिन्याला पाठव.
तो हसला नाही. तिकिटाची सुरळी करत राहिला.
‘माणूस वाईट नाही हो. घाबरला.
आणि राग होता, नाही कशाला म्हणू,
पण चाळीस पोती नव्हता.
दोन असेल. फार तर तीन.’

आम्ही एकेक बोट लावून पाहिलं.
तर्जनी, नाही. मधलं, थोडं सरकलं, भिरभिरलं.
डाव्या हाताची करंगळी मात्र
दाताळ्याच्या दांड्याला कधी टेकलीच नव्हती,
मिठाने तिला ओळखलं नव्हतं.
भिंगाने ओळखलं.
टिंब निघालं,
एक अक्षर, थांब.
एक अक्षर, थांब.

त्याने मुद्दाम चुकीचं लिहिलं.
मग करंगळीने मागे गेला,
शेवटून म, मग आ, मग र,
आणि चुकलेल्या अक्षराला लागून उभा राहिला,
दारात उभं राहून चप्पल कुठे काढावी विचारतात तसा.
खोडलं. नीट लिहिलं.
पुन्हा चुकवलं. पुन्हा गेला.
असं सहा-सात वेळा.
भात गार झाला, मी काही बोलले नाही.

शेवटी त्याने व्यापाऱ्याला काय पाठवलं, पाहिलं नाही.

पावती-पुस्तकात दोन रकाने असतात.
बिघाड: काही नाही.
दुरुस्ती: डावी करंगळी.
त्याने वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं.
बस साडेतीनची होती.